पत्र्याखालचा दिवा

मिरची हे माझं नाव दादाने ठेवलं. तोंडात येईल ते बोलून मोकळं व्हायचं, ही माझी लहानपणापासूनची खोड. बॅटरीच्या दुकानात ती उपयोगी पडते. पॅक गेला असेल तर मी तोंडावर सांगते, गेला. गिऱ्हाईक रडो, ओरडो, मालकांकडे तक्रार करो, मेलेल्याला जिवंत म्हणायची मला सवय नाही.

आमचं काम विजेवर चालणाऱ्या गाड्यांचे पॅक उघडून तपासायचं. एका पॅकमध्ये सेलांची अख्खी शाळा भरलेली असते आणि त्यांच्यावर एक कार्ड बसवलेलं असतं. कोण पुढे पळतोय, कोण मागे पडतोय, कोण तापलाय, सगळ्यांवर त्याची नजर. एक सेल जरी फार खाली गेला तरी ते कार्ड सगळा पॅक बंद करून टाकतं. आम्ही त्याला ‘मास्तर’ म्हणतो. मास्तर कडक, पण इमानी. फक्त एक गोष्ट गिऱ्हाइकांच्या डोक्यात शिरत नाही, की मास्तरलाही पोट आहे. गाडी नुसती उभी असली तरी तो जागाच असतो आणि राखण करता करता त्याच पॅकमधून थोडं थोडं खात असतो.

दादाची तीनचाकी अशीच उभी राहिली. तो तिच्यातून शाळेच्या पोरांची ने-आण करायचा. गाडीला ऊन लागू नये म्हणून घरासमोर पत्रा घालायला शिडीवर चढला, शिडी सरकली आणि हा पाठीवर पडला. पाठीचं ऑपरेशन झालं. ऑपरेशनने घर धुऊन नेलं आणि वर डॉक्टर म्हणाले, आम्ही आमचं केलं, आता उठणं न उठणं यांच्या मनावर.

मी तेव्हाच दादाला म्हटलं होतं, “गाडी अर्धी चार्ज करून पॅकचा मधला प्लग काढून ठेवते, म्हणजे मास्तरचं खाणंही बंद. लांबचं आजारपण आहे.”

“कोणी हात लावायचा नाही,” तो आडवा पडल्या पडल्या गुरकावला. “तिचं चार्जिंग मीच करतो. उभा राहीन आणि करीन.”

चार्जिंगच्या बाबतीत तो पहिल्यापासून विक्षिप्त. रोज शेजारी बसून, सीटखाली हात घालून पॅक किती तापला ते बघायचा. वहिनीला चार्जरला शिवूही द्यायचा नाही. पाठीला लोखंडाच्या पट्ट्या बांधलेल्या माणसाशी मी तरी किती भांडणार? आणि त्याला गाडीचा प्लग काढलेला नको होता, त्याचं कारण दिवा.

दादाचा पलंग खिडकीशी होता आणि खिडकीतून पत्र्याखालची गाडी दिसायची. अंधार पडायला लागला की वहिनी बाहेर जाऊन किल्ली फिरवायची. पुढचा दिवा लागायचा. दादा म्हणायचा, “बघ, आहे माझी वाट बघत.” वहिनीही हुशार. ती खिडकीबाहेरून ओरडायची, “अहो, उठून बसलात तरच लावते हं!” मग हा दात-ओठ खात उठून बसायचा. पुढे दिव्यासाठी पाय खाली सोडायला लागला. त्यानंतर खिडकीचा गज धरून उभा राहिला. ज्या माणसापुढे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी हात टेकले होते, तो एका दिव्यासाठी पाय उचलत होता.

मी दर रविवारी दुपारी जायची, त्यामुळे दिवा काही मी पाहिला नाही. दादाकडून फक्त त्याच्या कथा ऐकायची.

आणि एक दिवस तो दुकानाच्या दारात आला. मित्राच्या ट्रकला दोर बांधून गाडी ओढत आणली होती आणि हा स्वतः हँडल धरून, इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. मागे वहिनी. काठी टेकत तो उतरला आणि कोणाचाही हात न धरता चार पावलं चालत माझ्या टेबलापर्यंत आला. मला रडूच आलं. मी म्हटलं, “काय नवरदेव, वरात इकडे कुठे?”

“मिरचे, चार्जिंग घेत नाहीये. बसून बसून रुसलीय. जरा समजूत काढ. सोमवारपासून पोरांना न्यायचंय, आयांना शब्द दिलाय मी.”

त्याला पुढच्या बाकावर बसवून, पाणी देऊन, मी पॅक मागच्या टेबलावर घेतला. झाकण काढलं, मीटर लावलं. चांगला सेल तीन व्होल्टच्या वर दाखवतो. हे एकाच्याही खाली होते. एखादा नव्हे, सगळेच.

इतक्या खाली गेलेल्या सेलच्या आत तांबं विरघळतं. बाहेरून तो धड दिसतो. मास्तरला वगळून बाहेरून थेट वीज दिली तर जागाही होतो, पण ते विरघळलेलं तांबं आत कुठेही साचतं आणि कधीतरी आतल्या आत जोडलं जातं. मग आग. रस्त्यापलीकडे एकजण असे पॅक उठवून देतो, लोक त्याला ‘जादूगार’ म्हणतात. गेल्याच महिन्यात त्याने उठवलेली एक गाडी दिवसाढवळ्या उभ्या जागी जळाली. रिकामी होती म्हणून निभावलं.

मला कळेना, दिवा तर रोज लागतोय म्हणत होता, मग पॅक इतका खाली गेला कसा? इतक्यात वहिनी मागे आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“ताई, मेलीय ना?”

“तुला कसं माहीत?”

“कधीच मेलीय.” ती पदराने तोंड दाबून बोलत होती. “एक दिवस किल्ली फिरवली तर दिवाच लागेना. आणि नेमके त्या दिवशी हे पहिल्यांदा उभे राहिले होते हो, खिडकीचा गज धरून. मी काय सांगू त्यांना? माझी टॉर्च होती, ती दिव्याच्या काचेमागे बसवली. म्हटलं, आजच्या दिवस. मग रोजच...”

“मला फोन का नाही केलास?”

“तुमच्या पोटात काही राहतं का?”

रोज संध्याकाळी दिव्याने पॅक रिकामा केला. मास्तरने दार लावून घेतलं, पण उरलंसुरलं त्यानेच महिनोन्‌महिने बसून खाल्लं. आणि दादा टॉर्चकडे बघत चालायला शिकला.

मी हात पुसून बाहेर गेले. “दादा, पॅक गेला.”

“गेला म्हणजे?” तो हसला. “काहीतरीच काय. काल संध्याकाळी दिवा होता. मी या डोळ्यांनी पाहिला. मेलेल्या बॅटरीवर दिवा लागतो का? तुझं मीटर तपास.”

“दादा, ऐक माझं...”

“तुला जमत नसेल तर तसं सांग. समोरचा उठवून देईल. दिवा लागतोय म्हणजे जीव आहे.” त्याने काठी उचलली.

वहिनी खांबाला टेकून उभी होती. माझ्याकडे बघत होती आणि बघतही नव्हती. मी खरं बोलले असते तर एका वाक्यात काम झालं असतं. पण त्या वाक्यानंतर त्याला कळलं असतं की आपलं प्रत्येक पाऊल टॉर्चच्या उजेडात पडलं, आणि ज्या बाईच्या हातचं तो जेवतो, जिच्या खांद्यावर हात ठेवून न्हाणीत जातो, तिने रोज आपल्याला फसवलं. आणि गप्प बसले असते तर सोमवारी त्या सीटखाली जादूगाराने उठवलेला पॅक असता आणि वर शाळेची पोरं.

“बॅटरी चांगली होती,” मी म्हटलं. “आत्ता माझ्या हातून गेली. तपासताना पाना आडवा पडला. शॉर्ट झाली सगळी.”

मेलेल्या पॅकवर पाना पडला तर साधी ठिणगीसुद्धा उडत नाही. दादाला ते माहीत नव्हतं.

त्याने काठी पुन्हा टेकवली. “मग नीट कर.”

“होत नाही.”

“जादूगार करतो.”

तेव्हा मी पॅक पुढे आणला आणि कटर घेतलं. सेल जोडणाऱ्या पट्ट्या त्याच्या देखत कापल्या आणि एकेक सेल मिठाच्या पाण्याच्या पिंपात टाकत गेले, म्हणजे पुन्हा कोणी वापरायला नको. प्रत्येक सेल पडताना डुबुक असा आवाज यायचा. “थांब गं,” दादा एकदा म्हणाला, “थांब.” मी थांबले नाही. पिंपाकडेच बघत राहिले, त्याच्याकडे बघायची माझी छाती नव्हती.

त्या गाडीची कंपनी कधीच बुडाली. तसा पॅक आता कोणी बनवत नाही, आणि बनवला असता तरी आमच्या घरात आता विकायला उरलंय काय? दादाची गाडी त्याच दोराने घरी गेली. दादाला मात्र दोघांनी उचलून ट्रकमध्ये चढवावं लागलं. येताना तो स्वतः गाडीत बसून आला होता.

त्यानंतर तो उठला नाही. पायांना काही झालेलं नाही, डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. त्याला उठायचंच नाहीये. पलंग भिंतीकडे फिरवून घेतलाय. व्यायामाच्या बाई दोन वेळा येऊन गेल्या, तिसऱ्यांदा त्यांनी कारण सांगून टाळलं. माणसं भेटायला आली की तो छताकडे बघून म्हणतो, “इतके महिने ती तग धरून होती. हिने एका दुपारी मारली.” मी समोर बसलेली असते. तो मला मिरची म्हणत नाही, काहीच म्हणत नाही.

परवा मी निघाले तेव्हा सांज झाली होती. वहिनी दारापर्यंत आली.

“मी सांगून टाकते त्यांना,” ती म्हणाली. “तुमच्यावर आळ नको, ताई.”

“आणि मग? माझ्यावर राग धरून निदान जेवतोय तरी. तुझ्यावर धरला तर पाणी कोणाच्या हातचं पिईल?”

आम्ही दोघी पत्र्याखालून बाहेर निघालो तर गाडीचा पुढचा दिवा लागलेला. समोरची खिडकी घट्ट बंद.

“अजून लावतेस?”

“कधी चुकून वळून बघितलं तर...”

मी काचेमागे हात घातला. म्हटलं, विझवून टाकावा हा खेळ एकदाचा. टॉर्च बाहेर काढली तर उजेड चांगला लख्ख होता. आतले सेल तिने आजच नवे घातले होते. मी ती टॉर्च होती तिथे परत ठेवली आणि घरी आले.