फुटलेल्या मडक्याची पोपटी

पोराने जगभर हिंडावं आणि जिथे जाईल तिथलं खाऊन यावं, याला जनीची कधीच हरकत नव्हती. निकेत मालवाहू जहाजावर आचारी होता. जहाज बंदराला लागलं की तो आधी काहीतरी चाखायचा आणि मग आईला फोन लावायचा. पोर्तुगालात कोळशावर भाजलेल्या तारल्या खाल्ल्या, व्हिएतनामात सकाळी रस्त्याकडेला बसून शेवयांचा रस्सा प्यालो, असं रंगवून रंगवून सांगायचा. जनी सगळं ऐकून घ्यायची आणि शेवटी विचारायची, त्यात आंबट काय घातलं होतं. चिंच किंवा आमसूल नसेल तर त्या देशाचा निकाल तिथेच लागायचा.

एकदाच तिने त्याला खोटं ठरवलं. चिलीच्या दक्षिणेला चिलोए नावाचं बेट आहे, तिथल्या एका खाणावळीतून त्याचा फोन आला. म्हणाला, आजवर खाल्लं त्यात हे सगळ्यांत वरचं. जमिनीत खड्डा, खड्ड्यात तापलेले दगड, त्यावर शिंपल्या, कोंबडी, शेंगा, बटाटे आणि सगळ्यावर रानातल्या पानांचं पांघरूण. आई, ही आपली पोपटीच हाय. जनीने फोन ठेवला आणि पोरगं दारू प्यायला लागलं असं आळीभर सांगत सुटली. वालाच्या शेंगा आणि भांबुर्ड्याचा पाला मडक्यात ठासून, मडकं शेतात उपडं घालून, पेंढ्याच्या जाळावर पोपटी लावावी ती पेण-अलिबागच्या खारेपाटात. देवाने ती अक्कल आणखी कुणाला दिली असेल, हे तिला पटणं शक्यच नव्हतं.

पुढच्या थंडीत निकेत त्या खाणावळवाल्यांची मुलगीच बायको करून घेऊन आला. रोसा तिचं नाव. लग्न तिकडच्या कचेरीत लागलं होतं.

जनी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, निदान मनातलं बाहेर पडलं असतं. तिने उपास धरले. सून चुलीपाशी गेली की जनीचा सोमवार निघायचा, नाहीतर गुरुवार, नाहीतर चतुर्थी. वार अपुरे पडू लागले तेव्हा तिने पित्ताचं निमित्त काढलं. सुनेच्या हातचा घास काही तिच्या तोंडात गेला नाही. कुठली कोण, काय शिवली असेल, काय खाल्लं असेल, हेच तिच्या डोक्यात बसलं होतं. स्वतः खाडीच्या चिखलातले निवटे मासे धरून खाणारी बाई ही, पण सोवळं सुचायला कारण थोडंच लागतं.

निकेतला होळीच्या आधी जहाजावर जायचं होतं. रोसाला आईपाशी ठेवायचं की तिच्या बेटावर परत धाडायचं, याचा घोर त्याला लागला होता. आई जिच्या हातचं पाणी घेत नाही तिला इथे ठेवायचं तरी कोणत्या तोंडाने, असं त्याने जनीला सरळ विचारलं. जनीला ते लागलं. सून परत गेली तर पोरगाही तिकडचाच होईल आणि आपल्या वाट्याला फोन तेवढा उरेल, हे तिला कळत होतं. कळत होतं, वळत नव्हतं.

म्हणून मग निकेतने पोपटीचा बेत केला. पोपटी लावायचा मान जनीच्या धाकट्या दिराचा, धर्माचा. उन्हं कलताना त्याने सामान शेतात नेलं. रोसाने मडकं उचललं, आत हात घालून पाहिलं आणि हसून खाली ठेवलं. जनीने ते पाहिलं. माणसं पाला खुडायला बांधावर पांगली तशी ती मडकं घेऊन तळ्यावर गेली, आतून-बाहेरून खसाखसा घासलं, पाण्यात बुडवून काढलं आणि होतं तिथे आणून ठेवलं. ओलं मडकं जाळात घालू नये हे खारेपाटातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. जनीलाही ते पक्कं ठाऊक होतं, पण हट्टापुढे शहाणपण कुणाचं चालतं.

धर्मा गप्पांच्या नादात होता. त्याने शेंगा, खडेमीठ, ओवा, केळीच्या पानात बांधलेली कोंबडी, अंडी, बटाटे भरले, पाल्याचा बोळा कोंबला आणि मडकं उपडं घालून पेंढा पेटवला. जाळ अंगावर येतो न येतो तोच फाटकन आवाज झाला. मडकं उभं तडकलं आणि शेंगा निखाऱ्यात सांडल्या. काठ्यांनी ओढून निघालं तेवढं काढलं. कोंबडी कच्ची, शेंगा अर्ध्या जळालेल्या. सगळे धर्मावर घसरले. म्हातारपणी मडकंही पारखता येत नाही, असं कुणीतरी बोललं. उभ्या हयातीत धर्माचं मडकं फुटलं नव्हतं, तो मान खाली घालून बसून राहिला. जनी खाली बसून खापऱ्या गोळा करू लागली.

रोसा उठली. तिने निकेतकडून कुदळ मागून घेतली आणि शेतात गुडघाभर खड्डा खणला. मग बांधावरून दगड आणायला लागली. एकेक दगड हातात जोखायची, गालाला लावून पाहायची. काही ठेवायची, काही फेकून द्यायची. जनीने विचारलं, हे काय चाललंय. निकेत म्हणाला, "वले दगड जाळात फुटतान, बोलते. वला कायबी जाळात घालाचा नाय."

जनीला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं.

खड्ड्यात जाळ झाला, दगड लाल झाले. रोसाने निखारे ओढून काढले आणि दगडांवर केळीची पानं अंथरली. पानं चुरचुरली. त्यावर तिने शेजारच्या घरून आणवलेल्या तिसऱ्यांच्या शिंपल्या ओतल्या, मग कोंबडी, बटाटे, अंडी, शेंगा. पुढे तिने हात लांब केला तो भांबुर्ड्याच्या पाल्याकडे. तिला कुणी सांगितलं नव्हतं. पाला चुरून तिने हुंगला, मान हलवली आणि शेंगांवर जाड थर दिला. वर पुन्हा केळीची पानं, आणि त्यावर गवतासकट उपटलेली ढेकळं, भेग म्हणून ठेवली नाही. जिथून वाफ निसटेल तिथे तिचा हात आधीच जायचा.

जनी बघत राहिली. लहानपणी तिच्या आयशीने मडक्यात पाला जसा दाबला होता, तसाच ही दाबत होती, तळहाताच्या टाचेने. इथे दिवस असतो तेव्हा हिच्या गावी रात्र असते म्हणे. मधे सगळा समुद्र. मग ही विद्या कुणी कुणाला दिली? कुणीच नाही. तिकडेही कुणी बाई भुकेली असेल, तिच्याकडेही शेंगा असतील, पाला असेल, जाळ असेल. पोरगं खोटं बोललं नव्हतं, आणि दुनिया तिला वाटली होती त्याहून मोठी होती, तरी घरचीच होती.

ढेकळं काढली तशी वाफ वर आली. भांबुर्ड्याचा वास, वालाचा वास आणि त्यात तिसऱ्यांचा खारा वास. वर्षानुवर्षं पोपटी खाणारी माणसं, पण सगळी खड्ड्याभोवती वाकली. पहिला घास वाटायचा मानही धर्माचाच, त्याने तो रोसाला दिला. तिने एक बटाटा सोलला, शेंगांचे दाणे त्यावर घातले आणि पान घेऊन सासूसमोर आली. निकेत दुसरीकडे बघायला लागला.

"थांब," जनी म्हणाली. "मडका धर्मामुलं नाय फुटला. मी धुतला व्हता. हिचा हात लागला म्हनून धुतला. सांग तिला."

निकेत घुटमळला. जनीने त्याला पुन्हा सांगितलं तेव्हा त्याने रोसाला तिच्या भाषेत सांगितलं, अडखळत. रोसाने ऐकून घेतलं. मग हळू आवाजात बरंच काही बोलली, आणि निकेतचं तोंड उघडंच राहिलं.

"ती बोलते, मी त्यांच्या घरी पयल्यांदा चहा प्यालो ना, तो कप मी गेल्यावर तिच्या आईनं दगडावर आपटून फोडला. मना आज कलतंय."

जनी सुनेकडे वळली.

"तिकडंबी?" तिने विचारलं. "मंग?"

"घरात माणशी एकच कप, त्यातला एक फुटलेला. दुसऱ्या टायमाला तिच्या आईला सोताचा कप द्यावा लागला."

आधी धर्मा हसला, मग बाकीचे. जनी हसली नाही. तिने पानावरचा बटाटा उचलून तोंडात घातला, वर शेंगांचे दाणे घातले आणि डोळे मिटून चावत राहिली. डोळ्यांतून पाणी आलं ते तिने पुसलंही नाही.

"तिला इचार," ती म्हणाली, "तू जहाजावर गेल्यावर माझ्यापाशी ऱ्हाईल काय."

निकेतने विचारलं. रोसाच्या तोंडात घास होता. तिने मान डोलावली आणि सासूसाठी दुसरा बटाटा सोलायला घेतला.