नागनाथबुवांचा मेणाचा ठोकळा

मित्रांनो, मी मेणाचा एक जुना ठोकळा. नागपूरच्या एका दवाखान्यातल्या कपाटात पडून आहे. माझ्या पोटात भीमपूरच्या नागनाथबुवांच्या स्वादुपिंडाचा हरभऱ्याएवढा तुकडा आहे. त्यांची हकीगत मला त्या तुकड्यानेच सांगितली.

बुवा कीर्तनकार. त्यांनी अभंग उचलला की पांडुरंगही कान देत असेल, असा गळा. १९९६ च्या पावसाळ्यात त्यांचे डोळे पिवळे झाले, अंगाला खाज सुटली. दुखत काहीच नव्हते. काविळीची माळ देणाऱ्या गावच्या रामाजीने रिवाजाप्रमाणे झाडाच्या मुळ्यांची माळ डोक्यावर ठेवली. माळ लांबत खाली सरकली की कावीळ उतरली, असे सगळे मानत. माळ गुडघ्यापर्यंत आली. डोळे मात्र पिवळेच राहिले. मग दुसरी माळ, तिसरी माळ. यात दोन महिने गेले.

शेवटी नागपूरला पोट उघडून डॉक्टरांनी पित्ताला वाट करून दिली आणि एक तुकडा काढला. त्याच्यावर वितळलेले मेण ओतले. तो माझा जन्म. पुढे पात्याने माझे पापुद्रे काढून काचेवर ठेवले. पण ही नुसती सूज की कर्करोग, हे ठरेना. बुवांना उत्तराची घाई होती. नार्नूरच्या सप्ताहात काल्याचे कीर्तन त्यांनी कबूल केले होते.

म्हणून माझा आणखी एक पापुद्रा, पेशीतले एक प्रथिन दाखवणाऱ्या खास रंगासाठी मुंबईला गेला. सतरा दिवसांनी उत्तर आले. तुकडे तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी बुवांना समोर बसवले.

"बुवा, पेशीत एक राखणदार प्रथिन असतं. पेशी भलतीकडे वाढू लागली की ते थांबवतं. चांगल्या पेशीत ते इतकं थोडं, की रंग दिसतच नाही. तुमच्या पेशींत ते बिघडलंय आणि नुसतं साचलंय. सगळं तपकिरी दिसतं. पेशींची ठेवणही वाईट आहे. कर्करोगच आहे."

बुवा म्हणाले, "म्हणजे टाळकरी लई झाले, पण ताल कोणालेच नाही."

"तसंच."

बुवांच्या पत्नी मथुराबाई हळूच म्हणाल्या, "पण बाई, माळ तर गुडघ्यापावेतो आली होती. मंग कावीळ उतरली काऊन नाही?"

"मावशी, दोरा सैल होतो, म्हणून माळ लांबते. पोटातलं तिला काय कळणार?"

मथुराबाईंनी पदर तोंडाला लावला. बुवांनी विचारले, "आता कापून निघते का?"

"आता नाही. लवकर आला असता तर कापता येतं का, ते तरी बघता आलं असतं. पाच-सहा महिने असतील."

"मंग नार्नूरचं कीर्तन होते म्हणा."

ते झाले. बुवांनी बसूनच केले. निरूपणात स्वतःचीच चूक मांडली. "माळेचा राग नाही मले," ते म्हणाले, "पण डोळे पिवळे दिसले की आधी दवाखाना, मंग देवाचं नाव घेत बसा. देव कुठं पळून राह्यला?" लोक हसले, मग रडले. फाल्गुनात बुवा गेले.

चैत्रात मथुराबाई पुन्हा आल्या. सोबत शेजारीण सोजरबाई, तिचे डोळे पिवळे.

"माळ किती दिवस घातली?" डॉक्टरीणबाईंनी विचारले.

"घातलीच नाही. कालच डोळे पिवळे दिसले, आज हिले आणली."

तिच्या पित्तनळीत खडा निघाला. तो काढल्यावर ती बरी झाली.

मित्रांनो, मी आता पिवळा पडलोय, कडा झिजल्यात, कोणी खण उघडत नाही. त्याचे दुःख नाही. घरात कोणाचे डोळे पिवळे दिसले, तर दुखत नाही म्हणून थांबू नका. त्यांचा हात धरून त्याच दिवशी दवाखान्यात न्या. या कपाटात माझ्या शेजारी अजून जागा आहे. ती रिकामी राहू द्या.