भरीव पक्षी

धाकट्या बहिणीच्या पत्राला मी चार वर्षं उत्तर दिलं नाही. पत्र लहानच होतं. ‘भाऊ, मी औषध आणायला गेले तेव्हा घरात आईजवळ तू होतास, एवढंच दादाला लिही. मी आईला एकटी टाकून गेले म्हणून ती न्हाणीघरात पडली, असं तो सगळ्यांना सांगत सुटलाय. मला कुठे तोंड दाखवायची सोय राहिली नाही.’ आई त्या पडण्यातून उठलीच नाही. मी उत्तराचे सात-आठ मसुदे केले, शब्द बदलले, आणि मग आता फार उशीर झाला असं स्वतःला सांगून गप्प बसलो. गप्प बसणं मला जमतं.

गेल्या महिन्यात मुलीने मला मातीकामाच्या वर्गाला घातलं. “बाबा, पुस्तकातून डोकं काढा. जरा माणसांत जा.” भिंतीवर टांगायची शोभेची पाटी करायची होती. सपाट चकती थापायची आणि तिच्यावर सुचेल ते चिकटवायचं. माझ्या शेजारी एक शिवणकाम करणाऱ्या बाई होत्या. सगळे त्यांना टेलरबाई म्हणत.

“काका, हा पक्षी आहे की बटाट्याला चोच फुटलीय?”

“अजून व्हायचाय,” मी म्हणालो.

“होऊ द्या, होऊ द्या. माझं सूर्यफूल बघा. नातीच्या खोलीत लावणारे. तिला सांगूनही बसलेय.”

तिसऱ्या दिवशी माझा पक्षी पक्ष्यासारखा दिसू लागला. हातांनी केलेली माझी एवढी एकच बरी गोष्ट असावी. तेव्हा शिकवणारी मुलगी म्हणाली, “जाड भाग मागून कोरून पोकळ करा. आत ओल राहिली तर भट्टीत फुटेल आणि शेजारचंही फोडेल.”

सगळ्यांनी आपापल्या पाट्या उलट्या केल्या. मीही करायला गेलो, पण पंखाचं टोक वाकलं. मी पाटी पुन्हा होती तशी ठेवली.

“सगळ्यांनी कोरलं ना?”

मीही होकाराची मान हलवली.

पुढच्या खेपेला टेबलावर परातीत भट्टीतून काढलेले तुकडे होते. सूर्यफुलाचे आणि पक्ष्याचे, एकमेकांत मिसळलेले.

“टेलरबाई, तुमचं फूल केवढं जाड होतं! काकांचा पक्षीही गेला बघा त्यात,” शिकवणारी मुलगी म्हणाली.

“अगं, मी कोरलं होतं. चांगला खड्डा केला होता.”

“कोरलं असतं तर फुटलं असतं का?”

“आतून अस्तर लावलं असेल!” कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. टेलरबाईही थोड्या हसल्या, मग माझ्याकडे वळल्या. “काका, माफ करा हं. माझ्यापायी तुमची मेहनत वाया गेली.”

माझ्या हातात पक्ष्याच्या पोटाचा तुकडा होता. आरपार भरीव. मी मूठ मिटली.

“चालायचंच,” मी म्हणालो. म्हणजे मी त्यांना माफ केलं!

चहासाठी त्या थांबल्या नाहीत. “या वयात नको ते नाद,” म्हणत चपला घालून निघून गेल्या. तो तुकडा मी परातीत टाकला, परात कचऱ्याच्या बादलीत रिकामी झाली, आणि सगळे गेल्यावर मी त्या शिकवणाऱ्या मुलीजवळ गेलो. “फुटला तो माझा पक्षी. मी कोरला नव्हता.”

तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. “काका, किती चांगले आहात हो! त्यांना वाईट वाटू नये म्हणून स्वतःवर घेताय.”

मी पुन्हा सांगितलं. ती आणखीच प्रेमाने हसली. माझा आवाज, माझा चष्मा, माझी वाकलेली मान, सगळ्याने माझ्याविरुद्ध साक्ष द्यायला हवी होती, पण ते माझ्याच बाजूने बोलत होतं. आयुष्यभर ते हेच करत आलं आहे. आईजवळ मी होतो एवढंच लिहिलं तर दादाही म्हणेल, भाऊ बिचारा बहिणीला सांभाळून घेतोय.

घरी येऊन मी मसुदा न करता बहिणीला लिहिलं. ‘तू जाताना मला आईजवळ बसायला सांगितलं होतंस आणि मी हो म्हणालो होतो. मी बाहेरच्या खोलीत वाचत बसलो. आईने दोनदा हाक मारली. मी दोन्ही वेळा ऐकली. पान संपवून उठलो तेव्हा ती पडलेली होती.’ हेच शब्द दुसऱ्या कागदावर उतरवून पाकिटावर दादाचा पत्ता घातला.

बहीण अजून त्याच पत्त्यावर राहते का, हेही मला ठाऊक नाही. दोन्ही पाकिटं मी टपालपेटीत टाकली.