चाकाखालचा नाल

“आदी आंग तापव रं, मंग दगराला हात लाव!”

शिरवणे गावच्या तालमीत गोटीराम पैलवानांचा हा आवाज घुमायचा, तेव्हा पोरांच्या आधी मीच सावध व्हायचो. मित्रांनो, मी एक जुना नाल आहे. मधोमध मूठ कोरलेला, तालमीत उचलायचा काळा दगड. छिन्नी चालली तेव्हा मी रडलो नाही; पण तळहात फिरून फिरून माझी मूठ लोण्यासारखी मऊ झाली, तेव्हा मात्र सुखावलो.

पुढे तालीम पडली. गोटीरामांच्या मुलाने, कुंदनने, तिथे काचेची जिम उभारली. मला गडगडवत पार्किंगमध्ये नेलं आणि गाडी घसरू नये म्हणून तिच्या चाकाखाली सारलं. येता-जाता कुत्री माझ्यावर पाय वर करत. लाकडाला लागते वाळवी, लोखंडाला लागतो गंज. दगडाला लागतो तो सूड. ‘कधीतरी हा मला हात लावील,’ मी मनाशी म्हणायचो, ‘त्या दिवशी याची कंबर माझी!’

माझ्यासारखीच आणखी एक जळत होती. कुंदनची धाकटी बहीण जागृती. तालमीत बाईमाणसाला मज्जाव, म्हणून लहानपणी ती दाराबाहेर उभी राहून सगळं ऐकायची. जिम झाल्यावर म्हणाली, “दादा, बायकांची बॅच मला दे ना.”

“तू काउंटरवर बस गं,” तो तिच्याकडे न बघताच म्हणाला. “वजनं उचलायला पोरं हायेत.”

ती काउंटरवर बसली. पण सकाळी दादाची गाडी न्हावा शेव्याच्या बंदराकडे कामाला गेली की माझ्यापाशी यायची. खांदे फिरवायची, उठाबशा काढायची, घाम फुटू द्यायची. सुरुवातीला मला नुसतं जमिनीवरून सुटं करायची. मग गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. एक दिवस कष्ट, एक दिवस विसावा. मित्रांनो, ताकद माहेरवाशिणीसारखी असते. वाट बघणाऱ्याच्या दारी सावकाश येते.

जिमच्या वाढदिवसाला मंडळी जमली. कुंदनला व्हिडिओ काढायचा होता. “आमच्या बाबांचा नाल हाय हा!” म्हणत तो थंड अंगानेच, पाय ताठ ठेवून वाकला आणि हिसका दिला. मी जागचा हललो नाही. त्याची कंबर मात्र कट्‌कन बोलली. तो खाली बसला. मी पोटभर हसलो.

जागृती पुढे आली. सगळे ताटकळले, तरी तिने आधी उठाबशा काढल्या. मग पाठ सरळ ठेवून गुडघ्यात वाकली. मी तिच्या छातीशी आलो, मग डोक्यावर. मला भावाच्या पायाशी ठेवत ती म्हणाली, “दादा, आता तू बस काउंटरवर.”

केवढा हशा! म्हणून सांगतो मित्रांनो, अंग असो की दगड, जपून वागवा. नाहीतर दोघंही उट्टं काढतात.

एवढ्यात गोटीराम काठी टेकत पुढे आले.

“बाबा, जाऊ दे ना,” कुंदन कळवळत म्हणाला.

“नाय, बोलू दे.” ते लेकीकडे वळले. “त्याला नको हसू, पोरी. तुला बॅच देऊ नको, असा मीच त्याला बोललेलो. ह्यो दगर चाकाखाली टाकाया बी मीच लावला. तू उचलशील न् त्याला जमनार नाय, हेचीच भीती होती मना.”