राखाडी रंगाचा वहाळ

मित्रांनो, तुमच्या वर्गातल्या भिंतीवर देशांचा आणि राजधान्यांचा नकाशा असेल. तो माझा थोरला भाऊ. मी त्याच्यासारखा दिमाखदार नाही. माझ्या अंगावर फक्त एक डोंगररांग आहे, एक खाडी आहे आणि डोंगरातून खाडीकडे उतरणारे सात ओढे आहेत. माझ्या घड्या आता फाटत आल्या आहेत. तरी माझी हकिगत तुम्हाला सांगावीशी वाटते, कारण ती माझ्या एकट्याची नाही.

माझा जन्म नेरूळच्या एका छोट्या संस्थेत झाला. तिथे चारुलता नावाच्या बाई पाण्याचा अभ्यास करत. सगळे त्यांना चारूताई म्हणत. उपग्रहाने आकाशातून टिपलेली चित्रे संगणकावर लावून त्यांनी आधी डोंगराचे चढउतार आखले, मग ओढे आखले आणि शेवटी प्रत्येक ओढ्याभोवती एक रेघ ओढली. त्या रेघेच्या आत पडलेला पाऊस त्याच ओढ्याला जाऊन मिळतो. एवढ्या साऱ्या जमिनीला त्या ओढ्याचे पाणलोट म्हणतात. ओढा दिसायला बारीक असतो, पण त्याचे अंगण फार मोठे असते. वरच्या अंगणात कोणी झाडे तोडली की खाली त्याचे पाणी आटते.

सातही ओढ्यांना काही ना काही दुखणे होते. कुठे खाण होती, कुठे वणवे लागत, कुठे माती वाहून जात होती. संस्थेत माणसे मात्र मोजकी. नेटाने काम केले तरी ते दोनच ओढ्यांवर होणार होते. ते दोन कोणते, हे ठरवण्यासाठी मला जन्माला घातले.

सुरुवातीला माझ्या अंगावर रंग नव्हता. "संगणकाला वरून दिसतं ते खालीही तसंच आहे का, ते चालून बघायला हवं," असे म्हणून चारूताईंनी मला घडी घालून झोळीत टाकले आणि त्या निघाल्या. एकेक ओढा आम्ही पायी पाहिला. सर्वांत शेवटी आम्ही उलव्याच्या पलीकडे, खाडीकाठच्या खारवळ गावात आलो.

तिथे आम्हाला दादूकाका भेटले. साठी उलटलेले, सुक्या बोंबलासारखे काटक आणि बोलके. खाडीत होडी घालून ते मासे धरत आणि त्यांची बायको गंगूकाकी ते उलव्याच्या बाजारात नेऊन विकत असे. चारूताईंनी ओढ्याची वाट विचारली तर ते हसले.

"वडा नाय बोलायचं, बाय. आमी याला व्हाल बोलताव. म्हसोबाचा व्हाल. चल, दावतो."

मग ते आमच्याबरोबर खाडीपासून थेट डोंगरापर्यंत चालले. वहाळाच्या मुखाशी, गोडे आणि खारे पाणी मिळते तिथे, त्यांच्या वडिलांना मोठाले जिताडे मासे मिळत. त्याच पाण्यात दादूकाका पोहायला शिकले होते आणि त्याच काठावर त्यांच्या आईवडिलांचे दहावे झाले होते. पुढे वहाळ एका वसाहतीच्या मागून जात होता. तिथे त्याच्यात राडारोडा पडला होता. त्याच्याही वर डोंगराची अर्धी बाजू खाणीने खाऊन टाकली होती. तिथे पोचल्यावर दादूकाका खाली बसले आणि उघड्या दगडावरून हात फिरवू लागले. कितीतरी वर्षांनी ते इतके वर आले होते.

परतल्यावर गंगूकाकीने चिंबोऱ्यांचे कालवण आणि तांदळाची भाकरी वाढली. जेवण झाल्यावर तिने हात पुसून मला उघडायला लावले.

"आमचं घर कुटं हाय यात?"

चारूताईंनी दाखवले. गंगूकाकीने तिथे बोट टेकवले आणि नवऱ्याकडे बघून म्हणाली, "बगा, सरकारला ठाव नाय, पन या बायला आपलं घर ठाव हाय. आता व्हाल सुदरंल."

मित्रांनो, कागदालाही बोटाची ऊब कळते. मला ते बोट अजून आठवते.

नेरूळला आल्यावर चारूताई आणि त्यांचा सहकारी शौनक कामाला बसले. उतार किती, झाडी किती उरली, माती कशी, विहिरी किती, पाण्यावर जगणारी घरे किती, असा एकेक थर त्यांनी संगणकात एकमेकांवर ठेवला. कोणत्या गोष्टीला किती वजन द्यायचे ते ठरवले. मग सात ओढ्यांचा क्रम लागला. म्हसोबाचा वहाळ सातवा आला. अगदी शेवटचा.

दुसऱ्या दिवशी शौनक आला तेव्हा चारूताई पुन्हा तेच गणित मांडत होत्या.

"ताई, तुम्ही वजनं बदललीत?" त्याने विचारले.

"बदलून बघितली."

"आला वर?"

"आला. मासेमारीला सगळ्यात जास्त वजन दिलं तर दुसरा येतो. पण मग उंबराचा ओढा खाली जातो." त्या थांबल्या. "तिथं वरच्या ठाकूरवाडीच्या विहिरी आहेत रे. आत्ता काम केलं तर दोन पावसाळ्यांत त्यांना पाणी येईल. म्हसोबाच्या वहाळाचा डोंगरच उरला नाही. तिथं आपण जन्मभर खपलो तरी..."

त्यांनी सगळी वजने होती तशी केली. मग मला टेबलावर पसरले आणि खडूपेन्सिलींनी स्वतःच्या हाताने रंगवले. जो ओढा अजून बराचसा धडधाकट आहे आणि तसाच राखायचा, तो हिरवा. जो दुखावला आहे पण उपचारांनी बरा होईल, तो केशरी. आणि ज्याच्याकडे आत्ता वळता येणार नाही, तो राखाडी. म्हसोबाच्या वहाळावर राखाडी पेन्सिल फिरत होती तेव्हा ती इतकी हलकी टेकत होती की रंग नीट उमटलाच नाही. त्यांना दोनदा फिरवावी लागली.

"फोन करून कळवा ना त्यांना," शौनक म्हणाला.

"माझ्या पायांनी मी त्यांच्या घरी गेले होते. सांगायलाही पायांनीच जायला हवं," चारूताई म्हणाल्या.

दादूकाकांच्या ओट्यावर त्यांनी मला उलगडले. दादूकाकांनी आधी हिरवा रंग पाहिला, मग केशरी, आणि मग आपल्या वहाळावर त्यांची नजर थांबली.

"हा राखुंडीचा रंग कशापाय, बाय?"

चारूताईंनी सगळे सांगितले. काहीही लपवले नाही.

"म्हंजे आमचा व्हाल मेला?"

"मेला नाही, काका. पण आमची माणसं कमी आहेत. ज्याला आत्ता वाचवता येईल त्याच्याकडे आधी जायचं, असं ठरलं. तुमचा नंबर नंतर."

इतका वेळ दाराशी उभी असलेली गंगूकाकी पुढे आली. तिचा आवाज चढला नव्हता.

"दोन पोरां आजारी आसली तं आय कोनाला आदी घेतं गो? जास्ती आजारी आसंल त्यालाच ना?"

उत्तर दिले ते दादूकाकांनी.

"गंगू, ऱ्हाऊ दे. त्या वाडीवरच्या बाया डोंगर उतरून पानी आनतान. आपल्याला नळ तरी हाय. बाय खोटं नाय बोलत." मग ते चारूताईंना म्हणाले, "जा तू. त्यांचं काम चांगलं कर. आमी थांबताव."

गंगूकाकी आत निघून गेली. त्या घरातून चारूताई या वेळी चहाही न घेता निघाल्या.

त्यानंतरची वर्षे माझ्या वैभवाची होती. उंबराच्या ओढ्यावर ठाकूरवाडीच्या लोकांनी आणि संस्थेने मिळून दगडी बांध घातले, उतारावर चर खणले, झाडे लावून ती जगवली. दुसरा निवडलेला ओढा हिरवा होता. त्याच्या जंगलाला कुंपण न घालता राखण बसवली. वाडीच्या विहिरींत वैशाखापर्यंत पाणी दिसू लागले. मला काचेच्या चौकटीत घालून भिंतीवर लावण्यात आले. बाहेरगावचे लोक येत, माझे फोटो काढत आणि म्हणत, "वा! काय नेमकी निवड केली आहे!" मला आनंद होई. खोटे कशाला सांगू? पण चारूताई माझ्यासमोरून जाताना डावीकडे खाली, खाडीच्या कोपऱ्यात, कधी बघत नसत. राखाडी रंग तिथे होता.

एके दिवशी त्या एका मोठ्या कार्यालयातून परतल्या आणि पर्स टेबलावर आपटून शौनकला म्हणाल्या, "म्हसोबाचा वहाळ पाइपात घालतायत. वर भराव टाकून पार्किंग करणार."

"तुम्ही सांगितलं नाही त्यांना?"

"सांगितलं. साहेबांनी ड्रॉवरमधून आपल्याच नकाशाची प्रत काढली. म्हणाले, 'मॅडम, तुमच्याच अभ्यासात हा राखाडी आहे. गेलेलाच ओढा आहे हा. मग टेन्शन कसलं घेता?' मी म्हटलं, राखाडी म्हणजे नंतर. ते म्हणाले, 'असं कुठं लिहिलंय?'"

शौनकने माझ्याकडे पाहिले. माझ्या कोपऱ्यात रंगांचा अर्थ लिहिलेला होता. राखाडीपुढे लिहिले होते, 'प्राधान्य नाही'. काम करणाऱ्यांना त्याचा अर्थ माहीत होता. वाचणाऱ्याने आपल्या सोयीचा अर्थ काढला.

चारूताईंनी अर्ज केले, सभा घेतल्या, खारवळचे लोकही दोनदा मोर्चा घेऊन गेले. काही उपयोग झाला नाही. एका उन्हाळ्यात वहाळ जमिनीखाली गेला. मुखाशी गोडे पाणी येईनासे झाले, गाळ साचला, मासे फिरकेनासे झाले. दादूकाकांची होडी काठावर चढली ती पुन्हा उतरली नाही.

त्या पार्किंगवर चारूताई एकदा गेल्या होत्या. फाटकापाशी निळ्या कपड्यांतला एक म्हातारा वॉचमन खुर्चीवर बसला होता. गाडी पाहताच तो लगबगीने उठला आणि त्याने सलाम ठोकला. काच खाली झाली तेव्हा त्याने ओळखले. ते दादूकाका होते.

"काय बोलले ते?" शौनकने विचारले.

"म्हणाले, 'बरं झालं बाय, व्हालावरच ड्युटी लागली. लांब जाया लागत नाय.'" एवढे सांगून चारूताईंनी डोळ्यांना पदर लावला. मी त्यांना रडताना पाहिले ते तेव्हाच.

पुढे संस्थेत मोठा पडदा आला. त्यावर नवे नकाशे बोट लावताच हलत, मोठे होत. माझी चौकट उतरवली गेली. काच कोणीतरी दुसऱ्या कामाला घेतली आणि मला कपाटामागे सारले. तिथे धूळ होती, झुरळे होती. कोणी मला विचारीना. एक दिवस चारूताईंनीच मला शोधून काढले, झटकले आणि खांदेश्वरच्या आपल्या घरी नेले.

गेल्या फाल्गुनात त्यांना फोन आला. दादूकाकांचा मुलगा निकेश बोलत होता.

"मॅडम, बाबा गेले. परवा दहावा हाय. आमच्याकडं दहाव्याला वाहतं पानी लागतं, अन् खारवळला आता वाहतं पानीच नाय. तुमचा तो वरचा ओढा वाहतो ना अजून? फोनच्या मॅपमध्ये वाट दिसत नाय."

चारूताईंनी कपाटातून मला बाहेर काढले. मग म्हणाल्या, "मी येते वाट दाखवायला."

मित्रांनो, माझ्या आयुष्यातले शेवटचे काम ते झाले. टेम्पोत निकेशच्या शेजारी बसून चारूताईंनी मला मांडीवर उलगडले आणि बोटाने वाट दाखवत त्या सगळ्यांना उंबराच्या ओढ्यावर घेऊन गेल्या. गंगूकाकीही हट्टाने आली होती.

उन्हाळा तोंडावर आला होता तरी ओढा वाहत होता. काठावर आम्ही लावलेली झाडे आता माणसाहून उंच झाली होती. भटजींनी विधी केले. पिंड मांडले. सगळे दूर होऊन कावळ्याची वाट बघू लागले. कावळे वर उंबरावर बसले होते, पण एकही खाली येईना.

निकेश हात जोडून म्हणाला, "बाबा, आयला मी सांभाळीन." कावळा आला नाही. नातीच्या शिक्षणाचे वचन दिले गेले. तरी आला नाही.

गंगूकाकीने चारूताईंकडे बघितले. "तू बोल, बाय. तुजं ते ऐकत."

चारूताई पुढे झाल्या. त्यांनी हात जोडले. सगळ्यांना वाटले, आता त्या वहाळाचे वचन देतील. पण पाळता येणार नाही असे वचन त्या दादूकाकांना देऊ शकल्या नाहीत. उन्हे चढली. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला.

लोक आवराआवर करू लागले. गंगूकाकी एकटीच पाण्याशी जाऊन बसली. तिने ओंजळ भरली आणि पाणी प्यायली.

"गोड हाय," ती म्हणाली. चारूताई तिच्या शेजारी टेकल्या. जरा वेळाने गंगूकाकीनेच त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "यो वाचला ते बरंच झालं गो. त्यांना लय आवडला आसता." आणि मग मात्र तिला हुंदका आवरला नाही.

मी झोळीतून डोकावून हे सगळे पाहत होतो. माझ्यातला राखाडी रंग आज कोणी खोडून काढला, तरी त्याच्याखाली आता ओढा नाही.

मित्रांनो, तुमच्या सोसायटीमागून जे गढूळ पाणी जाते, तेही कुठल्या तरी डोंगरातून निघालेले असते. त्याचे नाव म्हाताऱ्या माणसांना विचारा. त्याच्या काठाने वर चालत जा. त्याच्यात कचरा टाकू नका आणि टाकणाऱ्याला अडवा. हे सगळे तो हिरवा असतानाच करा. कारण ओढे आजारी पडले की माझ्यासारखा नकाशा काढावा लागतो. आणि नकाशाला कोणाला तरी मागे ठेवावेच लागते.