दादासाहेबांच्या पाट्या

पडद्यावर काळी पाटी येते. तिच्यावर पांढरी, नक्षीदार इंग्रजी अक्षरं. रंभाबाईंनी दोन शब्द लावेपर्यंत ती जाते. म्हणून ग्लासगोच्या त्या घरात हॉलिवुडची जुनी मुकी प्रेमकथा दर रविवारी दादासाहेब बायकोला वाचून दाखवत. मराठीत. पदरचं घालून.

पाटी : मी थांबेन.

दादासाहेब : मी थांबेन, तुम्ही जपून जा, जेवणाची आबाळ करू नका.

"गोरी बाई नवऱ्याला अहो-जाहो करते व्हय?"

"जीव असला की करते."

शेवटी ती खिडकीत दिवा ठेवते, दाराकडे वळते, चित्र काळं होतं. एक पाटी.

"दार वाजलं. तो आला," दादासाहेब सांगत.

"बघा. आपला धम्मदीपही येईल," रंभाबाई म्हणत.

धम्मदीप, त्यांचा मुलगा, बापाशी भांडून दूर इंग्लंडात ब्रॅकनेलला गेलेला. फिरायला गेले की दादासाहेब त्याला फोन करत, घरी येऊन त्याचा निरोप सांगत. तू फोन करू नकोस, ऑफिसात त्याला अडचण होते, असंही सांगत. धम्मदीप फोन उचलतच नसे, हे एकट्या दादासाहेबांना ठाऊक.

मार्चमध्ये दादासाहेबांना स्ट्रोक. उजवा हात गेला, वाचा गेली. समजत सगळं होतं.

ह्या रविवारी रंभाबाईंनी नातीला बसवलं. अन्वी, त्यांच्या लेकीची, रचनाची मुलगी, इथेच जन्मलेली, मराठी मोडकंतोडकं. "तू वाच गं. ह्यांना बरं वाटेल."

दादासाहेबांनी नको म्हणून मान हलवली. कुणी पाहिलं नाही.

पाटी.

"मी थांबणार," अन्वी म्हणाली.

"पुढचं?"

"एवढाच आहे, आजी."

"ह्यांच्या वेळी किती बोलायची ती."

रिमोट खुर्चीच्या उजव्या बाजूला. दादासाहेबांनी डावा हात कसाबसा तिकडे नेला. बोटं लागली आणि रिमोट गालिच्यावर पडला. अन्वीने तो उचलून टेबलावर ठेवला. लांब.

"रिलॅक्स, आजोबा."

खिडकी. दिवा. दार. काळं.

"तिने आयुष्यभर दिवा लावली," अन्वीने वाचलं, "आणि तो कधीच परत नाही आला."

"नीट वाच."

"नीटच वाचते. 'नेव्हर' लिहिलंय."

रंभाबाई नवऱ्याकडे वळल्या.

"अहो, मग धम्मदीप बुद्धपौर्णिमेला येतो म्हणाला होता, ते?"

दादासाहेबांनी तोंड उघडलं. घशातून नुसती हवा आली.

"अन्वी, मामाला फोन लाव. मी बोलते."

अन्वीने मोबाइल काढून स्पीकर लावला. रिंग वाजू लागली. रंभाबाई पदर सावरून बसल्या.