डाव्या पायाला काम नाही

नवी गाडी निघते तेव्हा घरच हळूच मागे सरकल्यासारखं वाटतं. आवाज नाही, हिसका नाही. मागच्या सीटवर माझी तान्ही ठकी पापण्या मिटते, आणि मलाही वाटू लागतं की आपण कुठे निघालोच नाही, रस्ताच आपल्याखालून वाहतोय.

बाबांना मात्र ती हायब्रिड गाडी, इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली, मानवली नाही. सगळी हयात त्यांनी बस चालवली. माझी बाळंतपणाची सुट्टी संपत आली होती. सोमवारपासून ठकीला टेकडीपलीकडच्या पाळणाघरात पोचवायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. ते जमलं नसतं तर मला नोकरी सोडावी लागणार होती.

सरावाच्या पहिल्याच दिवशी गल्लीच्या वळणावर त्यांचा डावा पाय सवयीनं क्लच शोधायला गेला. क्लच नव्हताच. पाय पडला तो रुंद ब्रेकवर. गाडी जागच्या जागी थिजली, दुधाची बाटली उडून पुढच्या काचेवर आदळली. ठकी झोपेतच दचकली. बाबांनी गाडी कडेला लावली, किल्ली माझ्या हातात ठेवली आणि चालत घरी गेले. जेवताना म्हणाले, चढावर इंजिन ओरडतं आणि गाडी रेंगाळते, सपाटीवर गाडी पळते आणि इंजिन मुकं. असल्या गाडीशी बोलायचं तरी कसं.

माझी नणंद गिअरबॉक्स दुरुस्त करते. तिला सांगितलं तर हसली नाही. म्हणाली, काकांना घेऊन ये.

तिचं वर्कशॉप दुपारच्या उन्हात तेलाच्या वासानं पेंगत होतं. मी ठकीला खांद्यावर थोपटत उभी. नणंदेनं बाबांना सावकाश समजावलं. काही गाड्यांत इंजिन नुसती वीज बनवतं, चाकं फिरवते ती मोटर. काहींत नेहमीचा गिअरबॉक्स, मोटर त्याला हातभार लावते, आणि गिअर बदलला की पाठीला कळतं.

“मग तीच घ्यायची ना,” बाबा पुटपुटले.

“तिच्यातही क्लच तुमच्या पायाखाली नसतो, काका. तो कॉम्प्युटर दाबतो.”

बाबांचा चेहरा पडला.

मग, तुमच्या गाडीत हे असतं, म्हणत तिनं टेबलावरचं एक उघडं यंत्र पुढे ओढलं. मध्ये दातेरी चाक, त्याच्याभोवती चौकटीत बसवलेली छोटी चाकं, बाहेरून मोठं कडं. बाबांचा उजवा हात तिनं चौकटीवर ठेवला, म्हणाली हे इंजिन. डावा मधल्या चाकावर, ही छोटी मोटर. कडं गाडीच्या चाकांकडे जातं. त्यावर तिनं स्वतःचा तळवा अलगद टेकवला, रस्त्याचं ओझं म्हणून.

बाबांनी उजवा हात एकाच संथ लयीत फिरवत ठेवला. मधलं चाक भिरभिरलं, कडं जागचं हललं नाही. मग त्यांनी डावी बोटं हळूहळू आवळली, आणि कडं तिच्या तळव्याखालून सरकू लागलं. जरा आणखी आवळली, आणखी भरभर.

“इंजिन तेच, वेग वेगळा,” ते म्हणाले. “म्हणून कानाला थांग लागत नाही.”

“गिअर बदलायला कुणी नाहीच, काका. इंजिन आणि मोटर काम आपापसांत वाटून घेतात.”

पाळणा हलवावा तसे ते कितीतरी वेळ फिरवत राहिले. ठकी माझ्या खांद्यावर झोपली.

रविवारी त्यांनी डावी चप्पल काढली, पाय सीटखाली मुडपून घेतला. “याची पेन्शन सुरू,” म्हणाले. मी मागे, ठकीला चिकटून, नजर त्या पायावर. टेकडीच्या वळणावर बोटं एकदाच वळवळली, आणि निजली.

चढ संपला तिथे मी म्हटलं, “बाबा, थांबवा जरा.”

मी उतरले. त्यांनी मागे वळून ठकीकडे पाहिलं.

“रडली तर?”

“पोट भरलंय तिचं. पाळणाघरापर्यंत जाऊन या.”

त्यांनी ठकी दिसेपर्यंत आरसा वळवला. गाडी गेली, ढग सरकावा तशी. मी कान देऊन उभी राहिले. ऐकू यावं असं काहीच नव्हतं. दूध दाटून आलं. मी कठड्यावर बसले, उठले, परत बसले.

गाडी परत आली ती माझ्या लक्षातच आली नाही, एकदम शेजारी उभी. ठकी गाढ झोपलेली. बाबांनी काच खाली केली.

“उद्या जरा लवकर निघू,” म्हणाले. “पाळणाघराच्या फाटकापाशी गाडी वळवायला जागा कमी आहे.”